परस जाळून बाग विकत घेणाऱ्यांना

दसरा उलटला की ओरोसात धूर सुरू होतो. सकाळी सात-साडेसातला पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन घरघरायला लागतं. नऊपर्यंत कंपाउंडच्या कोपऱ्यात गवताचा ढीग लागतो, त्यावर फणसाचा, जांभळीचा, काजूचा पाचोळा लोटला जातो आणि कुणीतरी काडी लावतं. ढीग वरून सुका, आतून ओला. तो धड पेटत नाही, दिवसभर धुमसत राहतो. आमच्या आळीतल्या आबांचा दमा त्या धुराने उसळतो, दोरीवरच्या कपड्यांना वास मारतो, आणि संध्याकाळी घराचा मालक फाटकाशी उभा राहून समाधानाने सांगतो, "काकी, परसव साफ केलंय."

त्याच आठवड्यात महामार्गाच्या कडेला रोपांचा टेम्पो लागतो. घाटावरून आलेला. फुललेली शेवंती, पेटुनिया, डायंथस, टोमॅटोच्या रोपांचे ट्रे, कोकोपीटच्या दाबलेल्या विटा, गांडूळखताच्या छापील पिशव्या. परसव साफ करणारं तेच घर गाडी काढून तिथे जातं आणि दोन-तीन हजार रुपये मोजून येतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. यांच्याच न्हाणीच्या चुलीत सोडणां जळत असतात आणि त्यांचाच भुसा परराज्यातल्या कारखान्यातून पिशवीत बसून परत येतो. गांडूळखत म्हणजे कुजलेला पाचोळा आणि शेण. सकाळी जे जाळलं, तेच संध्याकाळी डिकीत घालून आणलं.

हे मी बरीच वर्षं पाहते आहे आणि दर वर्षी माझा संताप वाढतो. मला कुणाच्या पेटुनियाचा राग नाही. राग आहे तो या जिल्ह्यातल्या बागेचा सगळ्यात मोलाचा महिना आपण जाळण्यात, फवारण्यात आणि सिमेंट ओतण्यात घालवतो याचा. आश्विन-कार्तिक, म्हणजे शरद ऋतू, हा कोकणातल्या परसाचा पेरणीचा हंगाम आहे. ज्या दिवसांत हातात कुदळ असायला हवी, त्या दिवसांत आपल्या हातात काडीपेटी असते.

हंगाम आत्ताच का, हे पायाखालचा दगड सांगतो. आपण जांभ्यावर राहतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी कंपनीच्या डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये त्यावर लिहिलं. तिथले लोक तो जमिनीतून मऊ असतानाच कापून त्याच्या विटा करत, म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याने त्याला 'लॅटराइट' म्हटलं. आम्ही त्याचेच चिरे काढून घरं बांधली. हा दगड पावसाने घडवलेला आहे. युगानुयुगं पडणाऱ्या पावसाने त्यातला चुना, पालाश, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम राहिलं. मातीचा तांबडा रंग त्या लोखंडाचा. हेच लोखंड आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं घट्ट धरून ठेवतं की मुळांना ते मिळत नाही. माती आंबट, चव नसलेली, भुकेली. तिच्यावर चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जूनमध्ये हौसेने घातलेल्या खतातलं नत्र गणपतीपर्यंत कर्लीच्या खाडीला लागलेलं असतं.

अशा मातीत काही धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, कुजलेला पाला. तोच ओल धरतो, तोच अन्न धरतो, आणि लोखंडाच्या मुठीतून थोडं स्फुरदही तोच सोडवतो. देशावरच्या काळ्या मातीचा शेतकरी पाचोळ्याकडे एखाद्या वर्षी दुर्लक्ष करू शकेल, कारण त्याच्या मातीच्या पोटात ठेव आहे. आमच्या मातीकडे ठेव नाही. तिला रोज कमावून रोज खावं लागतं. आणि तिची वर्षाची कमाई आपण दसऱ्यानंतरच्या आठवड्यात धुरात सोडून देतो.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: राख हे खत आहे, आपले आजे-पणजे भाजावळ करतच होते. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार नुकसान करतं. राखेत पालाश आणि चुना असतो, आंबट मातीला तो चालतो. पण पानातलं नत्र आणि ज्यासाठी पाचोळा हवा तो सगळा कस धुरातून निघून जातो. आणि भाजावळ कधी होत होती? उन्हाळ्यात, कडक वाळलेल्या कवळाची, भाताच्या तरव्यापुरत्या जागेत. तणाचं बी मरावं, माती भुसभुशीत व्हावी आणि पहिल्या पावसाबरोबर राख नांगराखाली जावी, असा त्यात हिशोब होता. ऑक्टोबरातल्या ओल्या ढिगात कुठला हिशोब आहे? दुधाच्या पिशव्या आणि थर्माकोलचे तुकडे त्यात असतातच. आजोबांची साक्ष काढायची असेल तर त्यांचा महिना आणि त्यांची जागाही सांगा. कायद्याचंही सांगते. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा साठवायचा असतो, आणि रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई आहे. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं मुख्यालय म्हणजे आपलं ओरोस. नियमांची अंमलबजावणी जिथून व्हायची, त्या गावात रस्त्यारस्त्यावर ढीग धुमसतात.

आता पाण्याचं. जांभा सच्छिद्र आहे. विहिरी जुलैत काठोकाठ भरतात आणि तितक्याच लवकर खाली जातात. मार्चमध्ये दोर लांब करावा लागतो, एप्रिल-मेमध्ये अनेक घरांत टँकरची चौकशी सुरू होते. म्हणजे परसाला पाणी द्यायला आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच दिवस आहेत. पाऊस थांबला आहे, विहीर भरली आहे, जमिनीत ओल आहे, ऊन आहे. लाल माठ महिन्याभरात हाताशी येतो, मुळा दीड महिन्यात, चवळीची शेंग दोन महिन्यांत, लावणीनंतर वांगं दोन-अडीच महिन्यांत. ऑक्टोबरात पेरलं तर विहीर खाली जायच्या आत ताटात येतं. डिसेंबरात जाग आली तर वांगं धरायच्या वेळी पाणी आटतं, आणि मग "कोकणात भाजी होत नाही" असं म्हणायला आपण मोकळे. कोकणात भाजी होते. आपण दोन महिने उशिरा उठतो.

माझी आजी मसुऱ्याकडची. तिच्याकडे पंचांग होतं, पण परसासाठी तिचं लक्ष नक्षत्रांवर असायचं. हस्त सरून चित्रा लागलं आणि ऊन पाठीला चावायला लागलं की ती वाफे उकरून उघडे टाकायची. आम्ही बी घेऊन मागे लागायचो, तेव्हा म्हणायची, "आधी माती तापांदे, मगे बी." आठ-दहा दिवस ती माती तशीच उन्हात पडायची. हुमणीच्या अळ्या वर यायच्या, कोंबड्या आणि साळुंक्या त्या टिपायच्या. मग शेणखत, मग वाफा, मग स्वातीच्या सुरुवातीला पेरणी. ऑक्टोबरच्या ज्या उन्हाला आपण पंख्याखाली बसून शिव्या देतो, त्या उन्हाला तिच्या परसात काम होतं.

हे शहाणपण सोडून आपण कुणाचं ऐकतो? मोबाइलवर 'शरद ऋतूतली बाग' पाहतो. तिथे दारात भोपळे रचलेले असतात, माणसं लोकरी टोप्या घालून मेपलची पानं गोळा करत असतात, आणि ट्यूलिपचे कांदे जमिनीत पुरत असतात. त्या देशांत शरद हा बाग मिटवण्याचा हंगाम आहे. पुढे दहिवर गोठणार, जमीन कडक होणार, म्हणून ते आवरतात, झाकतात. ट्यूलिपला फुलायला काही आठवडे कडक थंडी लागते. ओरोसात जानेवारीच्या पहाटेही एक गोधडी पुरते. त्यांचं आवरण्याचं काम आपण आपल्या पेरणीच्या दिवसांत करतो आहोत, आणि तेही त्यांचं अर्धंच उचललं. गोळा केलेली पानं कुजवून ते पुढच्या वर्षी वाफ्यावर घालतात, तेवढं पाहायच्या आत आपण व्हिडिओ बंद केला.

पुण्या-नाशकाचा सल्लाही इथे तसाच्या तसा चालत नाही. काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यासाठी सांगितलेले उपाय आमच्या आंबट मातीला उलटे पडतात. आम्हाला चुना हवा असतो. मालवणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत असत, तो घरांना जसा लागायचा तसा मातीलाही मानवायचा. नारळीला वाळलेली तारली घालायची पद्धतही या किनाऱ्याचीच. माती तपासून घ्या आणि मगच काय घालायचं ते ठरवा. न तपासता पिशवीवरचा फोटो बघून खत ओतणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवणं.

परसबागेच्या सरकारी मोहिमाही पावसाच्या तोंडावर निघतात. शाळेच्या मागे जूनच्या अखेरीला मुलांकडून वाफे करून घेतात, मेथी-पालक पेरतात, फोटो काढतात. राज्याच्या ज्या भागात वर्षाला 600-700 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे हे बरोबर आहे. इथे पहिल्या मोठ्या सरीला बी वाहून जातं, राहिलेलं कुजतं, आणि पोरांच्या मनात पक्कं बसतं की आपल्या मातीत काही येत नाही. इथल्या पावसाळ्यात वेलांचं राज्य असतं: काकडी, दोडकी, पडवळ, चिबूड. पालेभाजी, मुळा, वांगी, मिरची, शेंगा ही पाऊस गेल्यानंतरची. कुडाळ तालुक्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने हे फुकट सांगितलं असतं. जिल्ह्याला आपलं वेगळं वेळापत्रक मागता येत नसेल, तर वेगळा जिल्हा करून आपण मिळवलं काय?

टोमॅटोच्या रोपांचं माझ्या घरचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी चाळीस रोपं आणली. संकरित, टवटवीत, प्रत्येक रोप वेगळ्या कपात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती एका दुपारी माना टाकून बसली. पानं हिरवीच होती, पिवळीसुद्धा पडली नव्हती. पाणी कमी पडलं असं वाटून मी आणखी पाणी घातलं. चार दिवसांत निम्मी गेली, दहा दिवसांत सगळी. मग एका जाणत्याने मला दाखवलं: मेलेल्या रोपाचं खोड बुडाशी कापायचं आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरायचं. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले. ते जिवाणू होते. याला जिवाणूजन्य मर म्हणतात. आपल्या आंबट, ओलसर, उबदार मातीत तो ठाण मांडून असतो आणि टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या मुळांतून शिरून पाण्याच्या नळ्या बंद करतो. त्यावर औषध मारून उपयोग नाही. जागा बदलायची, त्या वाफ्यात वर्षा-दोन वर्षांत पुन्हा वांगं-टोमॅटो-मिरची लावायची नाही, आणि मर सोसणारं वाण घ्यायचं. विकणाऱ्याने मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. कोरडी हवा आणि काळी माती असलेल्या गावासाठीची रोपं त्याने मला विकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच मांडली. पुन्हा मेली, पुन्हा विकली. ज्याची रोपं मरतात तेच गिऱ्हाईक दर वर्षी परत येतं, त्यामुळे विकणाऱ्याला ती मरण्याचं दुःख कशाला असेल?

आणि मर सोसणारं वाण आपल्याकडे आहे. 18 मे 1972 ला दापोलीचं कृषी विद्यापीठ निघालं ते कोकणच्या मातीसाठीच. वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र त्याच्याही आधीचं. काजूची 'वेंगुर्ला' वाणं तिथली. मुळद्याचं उद्यानविद्या महाविद्यालय तर आपल्याच तालुक्यात आहे. विद्यापीठाने वांग्यात 'कोकण प्रभा' दिलं, ते मरीला दाद देत नाही. चवळीत 'कोकण सदाबहार' दिली, वालात 'कोकण भूषण', माठात 'कोकण दुरंगी', मिरचीत 'कोकण कीर्ती', कारल्यात 'कोकण तारा'. नावं बघा, सगळी आपली. या बियांची पुडी मागायला ओरोसच्या बाजारात जा. माझा अनुभव सांगते: दुकानदार नाव ऐकून मान हलवतो आणि काचेखालचं चकचकीत पाकीट पुढे सरकवतो. आपल्या पैशाने चालणाऱ्या विद्यापीठाने आपल्यासाठी घडवलेलं बी आपल्याला आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयात मिळू नये आणि त्याबद्दल कुणी ओरडूही नये, याची मला लाज वाटते. विद्यापीठाने बी केलं आणि हात झटकले. कृषी खात्याने परिपत्रकं काढली. आपण गिऱ्हाइकांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिघेही दोषी.

फरशीचं बोलायलाच हवं, कारण धुराने एका वर्षाचा पाचोळा जातो, फरशीने परस कायमचा जातो. दिवाळीआधी घराला रंग काढताना पेव्हर ब्लॉक घालायची टूम निघाली आहे. फाटकापासून मागच्या पडवीपर्यंत सगळं बंद. शेजारच्या वहिनींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काकी, पावसात चिखोल व्हता, म्हणान ब्लॉक घातलंव." चिखल होतो, खरं आहे. पण चिखल पायवाटेवर होतो. दीड हाताची चिऱ्यांची वाट केली तर चार महिने पाय कोरडे राहतात आणि बाकीची जमीन जमीन राहते. त्यांनी तीन गुंठे झाकले. आता पावसाचं पाणी थेट गटारात जातं, विहिरीत मुरत नाही, आणि मार्चमध्ये त्याच वहिनी पंपाला हवा धरते म्हणून तक्रार करतात. उन्हात ब्लॉक तापतात ते रात्री नऊपर्यंत निवत नाहीत. तुळस त्या तापात होरपळते, मग तिला प्लास्टिकच्या कुंडीत घालून सावलीत नेतात.

आपल्याकडे याच दिवसांत खळं करत. पावसात उगवलेलं गवत काढायचं, माती उकरायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची. दर वर्षी नवं. भात झोडायला तेच, पापड वाळवायला तेच, तुळशीच्या लग्नाला तेच. वर माटव, माटवावर चढलेला वाल. पावसाळ्यात त्याची पुन्हा माती होई आणि ती पाणी पिई. खळं करायला दोन माणसं आणि दोन दिवस लागतात. ते सगळ्यांना आता जमणार नाही, मलाही दर वर्षी सगळं जमत नाही. पण निम्मं अंगण मातीचं ठेवायला काही करावंच लागत नाही. फक्त ठेकेदाराला "इथपर्यंतच" म्हणावं लागतं.

ज्यांना मशीन लावायचाही कंटाळा, ते गवत मारायचं औषध मारतात. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रणवाल्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. इथे मात्र तणनाशक पंपात भरून, उघड्या हाताने, बनियनवर मारणारी माणसं मी दर वर्षी पाहते, विहिरीपासून चार हातांवर. आणि मरतं काय? गणपतीच्या माटवीला बांधायला जे लागतं ते सगळं: तेरडा, हरणं, कांगण्या, कवंडळ. तुळशीच्या लग्नाला लागणारी दिंड्याची काठी. आणि कारीट. चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे तुळशीपुढे अंगठ्याने फोडायचं ते कडू कारीट कुणी लावत नाही, ते बांधावर आपोआप येतं. आपोआप यायला बांध जिवंत लागतो. आता ती कारीटं बाजारात वाट्यावर विकायला बसतात आणि आपण पैसे देऊन घेतो. आधी बांधावर विष मारायचं, मग नरकासुर मारायला फळ विकत आणायचं.

मी परक्या झाडांविरुद्ध बोलते आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेतून आली. दसऱ्याच्या तोरणातला गोंडा मेक्सिकोकडचा. ती इथे रुजली, कारण चारशे वर्षं बायकांनी त्यांचं बी राखलं, इथल्या महिन्यात पेरलं. सुकलेल्या तोरणातली गोंड्याची फुलं डब्यात ठेवा, पुढच्या वर्षीचं बी तेच. गोंड्याच्या मुळांमुळे वांग्याच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात, म्हणून वाफ्याच्या कडेला तो लावायचा. टेम्पोतल्या पेटुनियाचं बी राखून पुढच्या वर्षी तशीच फुलं येणार नाहीत, ती संकरित असते. ती मेली की पुन्हा विकत घ्यावी यासाठीच ती घडवलेली आहे.

माकडांचं काय, असं मला दर वेळी विचारतात, आणि हा प्रश्न खरा आहे. केडली आणि वानर यांनी या जिल्ह्यात परसबाग करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं आहे, हे मी नाकारणार नाही. माझी वांगी त्यांनी एका सकाळी एकेक चावून फेकली आहेत. पण त्यावर परस सोडून देणं हा उपाय नाही, काय लावायचं ते बदलणं हा आहे. मिरचीला, कारल्याला ती सहसा हात लावत नाहीत. सुरण, अळू यांची खाज त्यांना नको असते, हळदीकडेही ती फिरकत नाहीत. माठ-मुळा घराच्या अगदी लगत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पेरा, तिथे माणसांची ये-जा असते. वांगी-टोमॅटो हवेच असतील तर जाळीखाली, चारच झाडं. सरकारने माकडांचा बंदोबस्त करावा ही मागणी मी करते आणि करत राहीन. तोवर जमीन पडीक ठेवायची नाही.

वेळ नाही, हे दुसरं उत्तर. दोन वाफे, प्रत्येकी एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब, यांना दिवसाला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ आपण महामार्गावर घाटावरच्या भाजीच्या गाडीची वाट पाहण्यात घालवतो. या जिल्ह्याचं भाजीचं ताट बेळगाव-कोल्हापूरवर चालतं. आंबोलीत, गगनबावड्याच्या वाटेला दरड आली की कुडाळच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावता येत नाही. तीन-तीन दिवस गोणीत दबलेली मेथी आपण निवडतो आणि मागच्या दारी तीन गुंठे जमीन ब्लॉकखाली झोपलेली असते.

ज्यांना खरंच करायचं आहे त्यांच्यासाठी, मी जे करते ते सांगते. गवत बी धरायच्या आत विळ्याने कापायचं. परसाच्या सावलीच्या कोपऱ्यात कंबरभर खोल खड्डा, त्यात गवताचा थर, पाचोळ्याचा थर, मधे शेणकाला. काजू-फणसाची पानं चिवट असतात, कुजायला वेळ घेतात. ती खड्ड्यात घालण्यापेक्षा नारळाच्या आळ्यात आणि वांग्याच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावी. सोडणां नारळाच्या आळ्यात पोकळ बाजू वर करून पुरली की पावसाळ्यात पाणी पिऊन उन्हाळ्यात सोडतात. शेणाचा खड्डा महिन्यातून एकदा चाळायचा, त्यात गेंडा भुंग्याच्या अळ्या सापडतात, त्या वेचल्या नाहीत तर पुढे माड जातो. वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच. कारण ऑक्टोबरचा पाऊस दगा देतो. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाच्या पावसात कापलेलं भात शेतात उगवलं, 2009 मध्ये फयान 11 नोव्हेंबरला आलं. म्हणून मी सगळं बी एका दिवशी कधीच टाकत नाही. माठ आणि मुळा दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. पहिली खेप गेली तर दुसरी उभी असते, आणि सगळी जगली तर भाजी पौषापर्यंत पुरते. वाल कुंपणाच्या कडेला, त्याला चढायला फांद्या. कोपऱ्यात जमीन मोकळी असेल तर चार मुठी कुळीथ फेका. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, दव पुरतं, आणि तो मातीला नत्र देऊन जातो. करांदे आणि कणगी जूनमध्ये लावलेली असतील तर त्यांचे वेल पिवळे पडू लागले आहेत. ते गवत समजून कापू नका. गेल्या वर्षी एका घरात मशीनवाल्याने करांद्याचा चार वर्षांचा मांडव दहा मिनिटांत उडवला आणि मालकाला ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

कार्यालयांच्या आवारांबद्दल वेगळं बोलते. ओरोसातल्या सरकारी इमारतींभोवती जितकी झाडं आहेत तितका पाचोळा. तो उचलायला ठेका, आणि ठेकेदार तो मागच्या भिंतीशी जाळतो. प्रत्येक आवारात दोन खड्डे खणायला मजुरी किती लागेल? त्यातलं खत दर वर्षी सप्टेंबरअखेर शाळांना आणि बचत गटांना द्यावं, सोबत विद्यापीठाच्या बियांची पुडी द्यावी, आणि परसबागेचे वाफे जिल्ह्यात ऑक्टोबरात सुरू व्हावेत. ही मागणी मी ग्रामसभेत लेखी दिली आहे. दोनदा. तिसऱ्यांदा देणार आहे, आणि या वेळी सोबत सह्या असतील.

आमच्या आळीत गेल्या वर्षी तीन घरांनी जाळणं थांबवलं. मी मागे लागले म्हणून एक, आबांना दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून दुसरं, आणि तिसऱ्या घरच्या सुनेने आपणहून. तिच्या खिडकीखाली या दिवाळीत तांबड्या माठाचा वाफा आहे. अजून अकरा घरं आहेत. माझ्याकडे रिकामी पोती आहेत, खड्ड्यात जागा आहे आणि माझ्या फाटकाला कुलूप नसतं. येत्या रविवारी मशीन फिरलं की पाचोळा पोत्यात भरा आणि आत आणून टाका. काडीपेटी घरी राहू द्या.